हाक्याचे पाणी

माळवा आणि निमाड या शेजारच्या प्रदेशांत मोठ्या जनावरांच्या शिकारीचा खरा हंगाम ऐन चैत्र-वैशाखात येत असे, आणि त्यामागे पाण्याचे साधे गणित होते. होळी उलटली की विंध्याच्या उतारावरचे नाले एकेक करून आटतात, सागाची पाने गळून रान उघडे पडते, आणि पावसाळ्यात दूरवर विखुरलेला जनावरांचा वावर मे महिन्यात मोजक्या पाणवठ्यांभोवती आकसत जातो. नदीतला कातळाआडचा डोह, डोंगराच्या कुशीतले कुंड किंवा झिरा, म्हणजे कोरड्या पात्रातली वाळू हाताने उकरल्यावर ज्यात पाणी पाझरते असा खड्डा, एवढीच ठिकाणे ज्याला ठाऊक असत त्याला वाघ कुठे बसला असेल हे फारसे शोधावे लागत नसे. एकोणिसाव्या शतकात निमाडचे जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर राहिलेले कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाघाच्या शिकारीसाठी उन्हाळाच पसंत केला, तो याच कारणाने. जनावराची तहान हे शिकाऱ्याचे पहिले हत्यार होते आणि बंदूक दुसरे. मात्र ज्या उन्हाने जनावर पाण्याशी जखडले जाते त्याच उन्हात माणसांनाही कोसच्या कोस चालावे लागते, आणि त्या माणसांची तहान कोणी, कशी व कितपत भागवली, हा शिकारीच्या इतिहासाचा भाग बहुतेक शिकारकथांतून गळून गेलेला आहे.

इंदूरचे भौगोलिक स्थान येथे लक्षात घ्यावे लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेजवळ वसलेले आहे. महू ओलांडून जाम दरवाजाशी पोहोचले की पठार संपते आणि खाली नर्मदेच्या खोऱ्यात निमाड पसरलेले दिसते. कोरडी हवा खाली उतरताना दर १०० मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअसने तापते, हा हवामानशास्त्राचा साधा नियम आहे. त्यामुळे इंदुरात पारा चाळिशीत असताना महेश्वर-खरगोणकडे तो सहज चार अंश वर असतो. पठारावरच्या रात्री तेवढ्याच लवकर निवतात, कारण कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. माळव्याच्या गार रात्रींची ख्याती या कोरडेपणाचीच देणगी आहे. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये महेश्वराहून इंदुरास आली तेव्हा दरबाराने राजकीय सोयीबरोबर हवाही बदलली, असे म्हणायला हरकत नाही. तरी संस्थानची दाट राने घाटाच्या उतारावर आणि निमाडातच होती, म्हणजे शिकारीला निघालेल्या माणसाला गार पठार सोडून भट्टीत उतरावेच लागे.

भट्टीत उतरलेल्या शरीराचे काय होते, ते आकड्यांत मांडता येते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॅट इतकी उष्णता सतत निर्माण होते. चढउतारावर ओझे घेऊन झपाझप चालणाऱ्याच्या शरीरात ती ४०० वॅटच्या घरात जाते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते, म्हणून हवा त्याहून थंड असेल तोवर काही उष्णता आपोआप हवेत जाते. पण हवाच ४२ अंशांवर गेली की प्रवाह उलटतो आणि भोवतालची हवा, तापलेला कातळ व सूर्य हे सगळे मिळून शरीरात उष्णता भरू लागतात. त्यानंतर शरीरापाशी घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने ४०० वॅट उष्णता बाहेर टाकायलाच तासाला ६०० मिलिलिटर घाम वाळावा लागतो आणि उन्हाची व तप्त हवेची भर धरली तर हा आकडा लिटरभर होतो. मचाणावर, म्हणजे झाडावर बांधलेल्या माच्यावर, सावलीत निश्चल बसलेल्या नेमबाजाला त्याच दुपारी याच्या लहानशा अंशावर भागते. शिकार एकच, ऊन एकच, पण बसणाऱ्याची आणि चालणाऱ्याची तहान कित्येक पटींनी वेगळी असते.

ही विषमता जुन्या ग्रंथकारांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे, त्यात पिशुन नावाच्या आचार्याचे मत म्हणून मृगयेतील धोके सांगताना चोर, शत्रू, श्वापदे, वणवा आणि दिशाभूल यांच्याबरोबर भूक-तहानेचीही गणना केली आहे. कौटिल्य या मताला उत्तर देताना मृगयेने व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद आणि घाम यांचा निचरा होतो व हलत्या लक्ष्यावर नेम साधतो, असे तिचे गुण मांडतो. घाम गेल्याचा लाभ त्याने नोंदवला, गेलेला घाम भरून कसा काढायचा हे मात्र सांगितले नाही. ती उणीव एका विनोदी पात्राने भरून काढली आहे. इंदुरापासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जयिनीशी ज्याचे नाव जोडले जाते त्या कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक माधव्य दुष्यंताच्या शिकारीच्या नादाबद्दल कुरकुर करतो, आणि त्या कुरकुरीत शास्त्रीय निरीक्षण ठासून भरलेले आहे: ग्रीष्मात झाडांची सावली विरळ झालेली, भर दुपारी या रानातून त्या रानात वणवण, प्यायला डोंगरी ओढ्याचे कोमट आणि पाने कुजून तुरट झालेले पाणी, जेवणाला वेळेचा पत्ता नाही आणि रात्री धड झोप नाही. उष्णतेने आजारी पडण्याची जी कारणे आजचे वैद्यक मोजते, त्यांतली बहुतेक येथे एका दमात आली आहेत. सेनापती त्याच प्रसंगी कौटिल्याच्याच वळणाने शिकारीची तारीफ करतो. अखेर राजा शिकार थांबवतो, तेव्हा रानरेड्यांना पाणवठ्यात खुशाल डुंबू द्यावे, अशी मुभा देतो. शिकार थांबली म्हणजे पाणवठा जनावरांना परत मिळाला, हे कालिदासाने अचूक हेरले होते.

राजेलोकांनी या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे पाण्यासाठी स्वतंत्र खाते. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने आबदारखान्याचे, म्हणजे बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाचे, तपशीलवार वर्णन केले आहे. मुक्कामात असो वा प्रवासात, अकबर गंगेचे पाणी पीत असे आणि ते मोहोरबंद घागरींतून आणले जाई. ते गार करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग केला जाई. सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेते. एक शेर पाणी भरलेली जस्त-कथिलाची वा चांदीची झारी अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी यांच्या मिश्रणात पाव तास फिरवली की आतले पाणी गार होते, असे प्रमाणच अबुल फजलने देऊन ठेवले आहे. ते मिश्रण नंतर आटवले की सोरा परत मिळतो, त्यामुळे तोफखान्याला लागणारी वस्तू पाण्यापायी वाया जात नसे. अकबराचा मुलगा जहांगीर १६१७ मध्ये कित्येक महिने मांडूला मुक्कामी होता आणि त्याच वर्षी नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद त्याने अभिमानाने आपल्या आत्मवृत्तात केली. नेमबाजीची तारीफ रास्तच आहे; पण अंबारीतल्या त्या नेमामागे चालणारा हत्ती, माहूत, रान उठवणारी माणसे आणि आबदार हा सगळा लवाजमा पाण्यावरच उभा होता.

मराठी राज्यव्यवस्थेतही हीच मांडणी दिसते. अठरा कारखान्यांच्या, म्हणजे सरकारी कोठारांच्या व खात्यांच्या, परंपरागत यादीत शिकारखाना आहे, शरबतखाना आहे आणि आबदारखानाही आहे. शिकार, सरबत आणि पाणी यांना वेगवेगळी खाती देणाऱ्या कारभाऱ्यांना उन्हाळ्यातील मोहिमेचा आणि शिकारीचा व्यवहार नीट कळलेला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ज्ञानकोशसदृश ग्रंथात तर मृगयेवर प्रकरण आहे आणि पानीयभोगावरही आहे. कोणत्या ऋतूत कोणत्या उगमाचे पाणी प्यावे आणि ते सुवासिक कसे करावे याचा विचार तेथे राजाच्या उपभोगांच्या मालिकेत येतो. मात्र या सर्व खात्यांचा आणि ग्रंथांचा रोख एका माणसाच्या घशाकडे आहे, हे नजरेआड करता येत नाही.

होळकरांच्या इंदुरात शिकारीची सगळ्यांत जवळची खूण शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, राळामंडळच्या टेकडीवर आहे. टेकडीच्या माथ्यावर होळकरांनी बांधलेले शिकारगाह, म्हणजे शिकारीच्या मुक्कामाचे घर, अजून उभे आहे आणि भोवतालचे सुमारे २३५ हेक्टर रान १९८९ पासून अभयारण्य आहे. उंचावरची जागा निवडण्यात दूरवर नजर टाकण्याची सोय होती, तशीच वाऱ्याचीही होती. पुढे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकारंभी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्यात वातानुकूलनाची यंत्रणा होती आणि देशात ती त्या काळी फारच थोड्या घरांत असे. रानातल्या मुक्कामाला मात्र वाळ्याच्या ताट्या, सुरई आणि छागल यांवाचून गत्यंतर नव्हते, आणि या तिन्हींचे विज्ञान एकच आहे.

सुरई अथवा माठ मुद्दाम सच्छिद्र मातीचा असतो. पाणी भिंतीतून पाझरून बाहेर येते, वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. छागल ही जाड किंतानाची वा कातड्याची पिशवी त्याच तत्त्वावर चालते, आणि तिचा विशेष हा की ती घोड्याच्या खोगिराला किंवा गाडीच्या बाहेर वाऱ्यावर टांगली की अधिक गार होते. वाळा हे सुगंधी मुळांचे गवत; त्याच्या ताट्या दारा-खिडक्यांत लावून त्यांवर पाणी शिंपडले की तापलेला वारा ओलावा उचलतो आणि थंड होऊन आत येतो. या सगळ्या गारव्याला खालची मर्यादा असते, तिला आर्द्र तापमान म्हणतात: तापमापीच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला असता पारा जिथे थांबतो तो अंक. हवा ४२ अंश असून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेले बाष्प, केवळ १५ टक्के असेल तर हा अंक २२ च्या आसपास येतो. म्हणून मे महिन्यात माळव्यातला माठ जिवाला गारवा देतो, आणि तोच माठ मुंबईच्या दमट हवेत निम्माही गार होत नाही. माणसाच्या घामालाही हाच नियम लागू आहे. वैशाखातल्या कोरड्या उन्हात घाम इतक्या चटकन वाळतो की अंग ओले दिसतच नाही आणि आपल्याला घाम येत नाही असा भ्रम होतो. सदऱ्यावर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघाच तेवढी साक्ष देतात. याउलट मृगाच्या पहिल्या सरीनंतर पारा पाच-सहा अंश उतरला तरी हवा दमट झाल्याने घाम वाळेनासा होतो, आणि जो माणूस मे महिन्यात टिकला तो जूनमध्ये ढासळू शकतो.

डोक्यावरचे आणि अंगावरचे कापड हाही याच हिशेबाचा भाग. गोऱ्या शिकाऱ्यांनी शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची टोपी वापरली आणि पाठीच्या कण्याला ‘ऊन लागते’ या समजापोटी पाठीवर कापसाची गादीही बांधली. टोपी उपयोगी होती. गादीने मात्र घाम वाळण्याची जागाच झाकून टाकली आणि ज्या रोगाची भीती होती त्याला हातभार लावला. माळवी-मराठी पागोट्याचे सैल वेढे ऊन अडवतात, मधली हवा खेळती ठेवतात आणि प्रसंगी भिजवून घेता येतात, तेव्हा या बाबतीत तरी साहेबाने मुलखाकडून शिकायला हवे होते. उलट खिशात कांदा ठेवला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही, हा माळव्यातला सार्वत्रिक विश्वास निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी आहे. कांदा खिशाऐवजी भाकरीबरोबर मीठ लावून खाल्ला तर निदान मीठ तरी पोटात जाते.

मिठाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तेथे परंपरेचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतात. ‘चरकसंहिते’च्या ऋतुचर्येत ग्रीष्मासाठी मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध आहार सांगितला आहे, साखर घातलेला थंड मंथ, म्हणजे सातूचे पीठ पाण्यात कालवून केलेले पेय, घ्यायला सांगितले आहे, आणि खारट, आंबट, तिखट पदार्थ व व्यायाम टाळायला सांगून मद्य अल्प घ्यावे वा घेऊच नये, असे बजावले आहे. मद्याचा इशारा आजही शंभर टक्के खरा आहे. मीठ टाळण्याचा सल्ला मात्र दिवसा थंड घरात निजणाऱ्या, चंदन लावून बसणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. तो घाम गाळणाऱ्याला लावला तर घात होतो. घामाबरोबर लिटरमागे साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते, आणि दिवसभर घाम गाळणाऱ्याने केवळ साधे पाणी ढोसले तर रक्तातील सोडियम पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, बरळणे आणि क्वचित झटके येणे इथपर्यंत मजल जाते. ही लक्षणे वरवर उष्माघातासारखीच दिसतात, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजले की प्रकृती बिघडते.

कामकऱ्यांच्या आहाराने हा प्रश्न ग्रंथांच्या मदतीविना सोडवला होता. झाबुआ-निमाडकडच्या भिल्लांची ताकात शिजवलेली मक्याची राबडी, महाराष्ट्रातली अंबील, मीठ-जिरे घातलेले कैरीचे पन्हे आणि पाहुण्यापुढे ठेवायचे गूळपाणी या सर्वांत पाणी, क्षार आणि साखर अथवा पिष्ट एकत्र येतात. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी खेचले जाते, हे विज्ञानाला विसाव्या शतकात समजले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट लागते. तांदूळ-मक्यासारख्या धान्याच्या पिष्टावर केलेली द्रावणेही वैद्यकाने मान्य केली आहेत, आणि राबडीचे स्थान त्यांच्या शेजारी आहे. इंदूरच्या सराफ्यातील बदाम-पिस्ते घातलेली दुधाची दाट शिकंजी चवीला कितीही उत्तम असली तरी या कामाची नाही. ती तहानेचे नव्हे, जिभेचे पेय आहे.

आता हाक्याकडे वळले पाहिजे. हाका म्हणजे शंभर-दोनशे माणसांनी अर्धवर्तुळात पसरून, ढोल-डबे बडवत, ओरडत रान उठवायचे आणि जनावराला मचाणांच्या दिशेने रेटायचे. ही माणसे, म्हणजे हाकारे, बहुधा जवळच्या पाड्यांतील भिल्ल, भिलाले वा कोरकू असत आणि हाका दुपारीच होई, कारण त्या वेळी वाघ पाण्याजवळच्या गारव्यात निवांत पडलेला असतो. शंभर हाकाऱ्यांना दिवसाला प्रत्येकी पाच लिटर पाणी धरले तर पाचशे लिटर, म्हणजे अर्धा टन वजन होते. एवढे पाणी रेड्याच्या पाठीवरच्या पखालीतून, म्हणजे कातड्याच्या मोठ्या पिशवीतून, आडरानात नेणे अशक्य नसले तरी खर्चाचे होते, आणि भिस्त्यांची, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्यांची, पहिली फेरी तंबूच्या न्हाणीघराकडे, वाळ्याच्या ताट्यांकडे आणि हत्तींकडे वळणे स्वाभाविक मानले जाई. हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते आणि तो माणसासारखा घामावर गार होऊ शकत नाही, म्हणून त्याच्या कानांवर व पाठीवर पाणी उडवावेच लागते. हाकाऱ्याजवळ वाळलेल्या भोपळ्याची तुंबडी आणि झिऱ्याच्या ठिकाणाची माहिती एवढीच सामग्री असे; आणि गंमत अशी की ज्या पाणवठ्यावर वाघ बसलेला असे, नेमका तोच त्या दिवशी त्याच्यासाठी वर्ज्य ठरे.

या व्यवस्थेचे समर्थन त्या काळी एका वाक्यात होई, आणि आजही मजुरांविषयी ते ऐकू येते: त्यांना उन्हाची सवय असते. शरीरशास्त्र या वाक्याचा अर्धाच भाग मान्य करते. उष्णतेत रोज काम केल्याने एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलते, हे खरे. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयावरचा ताण कमी होतो आणि घामातून जाणारे मीठ घटते. पण त्याच बदलाचा एक भाग असा की घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, कारण सरावलेल्या शरीराचा गारवा त्या वाढीव घामातूनच येतो. म्हणजे ज्याला उन्हाची सवय आहे त्याला पाणी कमी लागत नाही, अधिक लागते. संस्थानच्या पाहुण्याला आठ दिवस तंबूत ठेवून हळूहळू सरावण्याची सोय होती. हाकारा आधीच सरावलेला होता, आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याच्या वाट्याचे पाणी कापले जात होते.

माणसाचे शरीर भर उन्हात जनावराचा पाठलाग करण्याच्या कामाला मुळात फार उत्तम घडलेले आहे, याचा पुरावा आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात सापडतो. तेथील सान शिकारी दुपारच्या ४० अंशांच्या आसपासच्या उन्हात कुडू या मोठ्या हरणाच्या मागे तासन् तास, प्रसंगी तीस किलोमीटरहून अधिक अंतर, धावत-चालत राहतात. हरीण धावताना धापा टाकून अंग निववू शकत नाही, त्याचे शरीर तापत जाते आणि शेवटी ते उभेच राहते. अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असलेला प्राणी अशा शर्यतीत जिंकतो. पण सान शिकारी निघण्यापूर्वी पोटभर पाणी पितो, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी साठवण्याची त्याच्या समाजाची रीत प्रसिद्ध आहे. तेथे घाम गाळणारा आणि शिकार मिळवणारा माणूस एकच असतो, त्यामुळे पाण्याच्या हिशेबात फसवणूक संभवत नाही. माळव्यात ही दोन कामे दोन माणसांकडे गेली होती. शिकारी कुत्र्याची स्थिती याहून वाईट, कारण तो जवळजवळ केवळ धापेवर निवतो आणि मालकाच्या उत्साहाखातर कोसळेपर्यंत पळत राहतो.

भारतात वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याच्या नवव्या कलमाने शिकारीचा दरवाजा बंद केला; पिकांची नासाडी करणाऱ्या वा माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत अकराव्या कलमाखाली अधिकाऱ्याची परवानगी हा मुख्य अपवाद उरला. भर उन्हात रान तुडवणे मात्र बंद झाले नाही. आज ते काम मध्य प्रदेशात नाकेदार म्हणून ओळखले जाणारे वनरक्षक आणि त्यांच्या हाताखालचे चौकीदार करतात. उन्हाळा हाच वणव्यांचा हंगाम असतो, आणि पाणवठ्यात विष कालवून जनावरे मारणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांचाही हाच हंगाम असतो. म्हणजे शिकारीचे जुने गणित गुन्हेगारांनी टिकवले आहे आणि पाणवठ्यावरचा पहारा त्यामुळे दुपारीही उठवता येत नाही. मे २०२३ मध्ये महूच्या लष्करी परिसरात वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हाही त्याचा माग काढण्याची वेळ वन कर्मचाऱ्यांवर ऐन उन्हाळ्यातच आली. महाराष्ट्रात वैशाख पौर्णिमेच्या रात्री मचाणांवर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करणारे हौशी निसर्गप्रेमीही या जुन्या ज्ञानाचेच वारस आहेत, फक्त त्यांच्या वाट्याला चांदणे येते आणि नाकेदाराच्या वाट्याला दुपार.

दुपारी गस्त घालणाऱ्या या माणसांसाठी आजचे वैद्यक जे सांगते ते थोडक्यात असे आहे. तहान लागेपर्यंत शरीर बरेच पाणी गमावून बसलेले असते आणि वजनाच्या दोन टक्के पाणी गेले की दमसास घटू लागतो. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे, तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, आणि काम लांबले तर मीठ-साखरेचे द्रावण किंवा खारे ताक सोबत असावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे. सुट्टीवरून परतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण गस्त देऊ नये, कारण उन्हाचा सराव काही आठवड्यांत ओसरतो. सोबत्याचे बोलणे असंबद्ध झाले, चाल डळमळली, अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात आहे असे धरून चालावे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिटाला मेंदूची हानी होत असते. अशा वेळी गाडी येण्याची वाट न पाहता कपडे काढून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा यांवर बर्फ वा ओली फडकी ठेवावीत, जवळ डोह असल्यास डोके पाण्याबाहेर धरून अंग बुडवावे, आणि निववणे सुरू ठेवूनच रुग्णालयाकडे न्यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

सहा तासांच्या गस्तीला माणशी सहा लिटर म्हणजे सहा किलो वजन होते. काठी, वायरलेस संच आणि शिदोरी यांच्यासह ते खांद्यावर घेऊन चढावर चालणे म्हणजे शरीराची उष्णता आणखी वाढवणे. त्यामुळे पाणी माणसाबरोबर नव्हे, वाटेवर असावे लागते. जनावरांसाठी बांधलेले कृत्रिम पाणवठे उन्हाळ्यात टँकरने भरले जातात आणि गस्तीच्या वाटा त्यांच्यावरूनच जातात. त्याच टँकरमधून, पाणवठ्यापासून शे-दोनशे पावले दूर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून सावलीत ठेवलेला झाकणबंद रांजण भरून घेतला आणि त्याच्याजवळ द्रावणाच्या पुड्या असलेला डबा ठेवला, तर दोन माणसांची गस्त दीड-दीड लिटरची बाटली घेऊन निघू शकते.